कोरमताईंची सुट्टी

त्यांचं खरं नाव वॉर्डात कुणाला ठाऊक असेल तर शपथ. सगळे कोरमताईच म्हणायचे, पाठीमागेही आणि तोंडावरही. वॉर्डाची सभा दर महिन्याला शाळेच्या हॉलमध्ये भरायची आणि पंधरा डोकी जमल्याशिवाय ती सुरू होत नसे. आता पंधरा माणसं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे? नळाला पाणी आलं नाही तर एवढी माणसं एका जिन्यात ओरडायला जमतात. पण सभा म्हटली की प्रत्येकाच्या घरी नेमकं कुणीतरी आजारी पडतं. मग या बाई दारोदार फिरायच्या. "चला हो, दोनच माणसं कमी पडतायत. बोलू नका, नुसते येऊन बसा. हवं तर फोन बघत बसा." अर्धवट दाढी झालेल्या माणसालाही त्यांनी एकदा टॉवेलसकट आणून बसवलं होतं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांचा पहिला प्रश्न, "झाला का कोरम?" म्हणून हे नाव.

तुम्ही म्हणाल, बाईंना दुसरा उद्योग नसेल. उद्योग होता, आणि कंबर मोडणारा होता. मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात त्या इस्त्रीच्या मशीनवर होत्या. भलामोठा गरम रोलर. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची आणि एकदमच सोडायची. एकीने आधी सोडली की चादर तिरकी जाते आणि पलीकडे घड्या घालणाऱ्या ओरडतात. दिवसभर उभं राहायचं, वाफ थेट तोंडावर. संध्याकाळी चपला पायांतून काढायला बसावं लागे, इतके पाय सुजत. आणि अशा पायांनी बाई सभेला जायच्या. त्यांचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "त्या हॉलमध्ये तुला काय पुरून ठेवलंय?" त्या म्हणायच्या, "संडास."

चेष्टा नव्हती ती, खरंच संडासच होता. ताईंची धाकटी बहीण भाजीबाजारात अंडी विकायची. तिच्या आजूबाजूला अशाच बायका, कुणी कांदे विकतेय, कुणी पालेभाजी, आणि टोकाला लिंबांची टोपली घेऊन बसणारी एक म्हातारी, जिला सगळे लिंबूआजी म्हणत. भल्या सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसायचं आणि बायकांना जायला जागा कुठेही नाही. यावर त्यांनी उपाय काय काढला? पाणीच प्यायचं नाही. बहिणीच्या मूत्रपिंडाला सूज आली, ताप डोक्यात गेला, आणि ताईंच्याच इस्पितळात तिला भरती करावं लागलं. ताई तिला बघायला गेल्या तर आपणच इस्त्री केलेल्या चादरीवर बहीण डोळे मिटून पडलेली. त्या तिथे रडल्या नाहीत. घरी येऊन नवऱ्यावर उगाचच ओरडल्या आणि पुढच्या सभेला जाऊन बसल्या.

तिथून सुरू झालं. विषयपत्रिकेत त्यांचा विषय कायम शेवटचा. त्याआधी कमानीला रंग कुठला द्यायचा यावर तासभर काथ्याकूट. ताईंची पाळी येईपर्यंत निम्मे लोक पाय मोकळे करायला म्हणून उठत आणि परस्पर घरी जात. अध्यक्ष इकडे तिकडे बघत, म्हणत, "अरेरे, कोरम नाही," आणि सभा तहकूब. हे अध्यक्ष रंगाच्या दुकानाचे मालक, गोड बोलण्यात हातखंडा. ते 'तो विषय' म्हणायचे. ताई म्हणायच्या, "संडास म्हणा, साहेब. तोंड नाही विटाळत." लोक हसायचे. हसोत. विषयाचं भिजत घोंगडं बरीच वर्षं पडलं, पण एके दिवशी बाजारामागे दोन खोल्या उभ्या राहिल्या. पत्र्याची दारं, आत कडी, बाहेर नळ. बहीण पहिल्यांदा आत जाऊन आली आणि ताईंना म्हणाली, "अगं, कडीसुद्धा लागते!" वॉर्ड ताईंचं एवढंच देणं लागत होता, आणि ते त्यांना मिळालं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी जमली नाही. बाजारातल्या बायका काही सभेला आल्या नाहीत. साऱ्याजणी वॉर्डातच राहणाऱ्या, हात वर करायचा पूर्ण हक्क असलेल्या. ताईंनी किती गळ घातली. कुणी म्हणे, माझं पोर लहान आहे. कुणी म्हणे, आम्हाला बोलता कुठे येतंय? लिंबूआजी म्हणायची, "तू जातेस ना? मग आम्ही गेल्यासारखंच की." ताईंना कौतुक वाटायचं आणि चीडही यायची. एकटीने किती ओढायचं माणसाने? इस्त्रीवरसुद्धा समोर दुसरी बाई असते.

आणि मग ती नोटीस लागली. 'बाजारामागील जागा मोकळी करून मालवाहू गाड्या उभ्या करण्याची सोय करणे. पर्यायी स्वच्छतागृहाची व्यवस्था लवकरच.' हे 'लवकरच' कुणाच्या वाट्याला कधी येतं, ते तुम्हाआम्हाला माहीत आहे. अध्यक्षांची स्वतःची गाडी रोज गल्लीत अडकायची, ही गोष्ट नोटिशीत नव्हती.

ताई नोटिशीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना राग आलाच नाही. यायला हवा होता. आली ती नुसती मरगळ. पुन्हा तेच सगळं? पुन्हा 'तो विषय', पुन्हा ते हसणं, पुन्हा त्या हॉलच्या पायऱ्या चढायच्या? त्या महिन्यात धोबीखान्यातली एक बाई काम सोडून गेली होती आणि तिच्या वाटणीचंही काम त्यांच्याच अंगावर पडलं होतं. घरी आल्या की त्या जेवायच्या आधी झोपत आणि झोपेतून उठून जेवत.

दोन दिवसांनी संध्याकाळी बहीण घरी आली. तिच्यामागे कांदेवाली, तिच्यामागे पालेभाजीवाल्या, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत लिंबूआजी. दोन खोल्यांचं घर, बसायला जागा पुरेना. नवरा बिचारा उठून गॅलरीत गेला.

"ताई, आम्ही येणार सभेला," बहीण म्हणाली. "सगळ्याजणी. बाजार लवकर बंद करतोय त्या दिवशी."

"मोजून चौदा झाल्या," कांदेवाली म्हणाली. "आणखी दोघी विचार करतायत."

"मी बोलणार आहे," लिंबूआजी म्हणाली. "काय बोलायचं ते सांगणार नाही. तिथेच ऐका."

सगळ्या हसल्या. जिच्यासाठी इतकी वर्षं जीव आटवला, ती गोष्ट आपल्या पायांनी चालत घरी आली होती. आणि ताईंनी काय करावं? त्या पलंगावर बसल्या होत्या, पाय उशीवर, आणि त्यांना दिसत होता तो हॉल. अध्यक्ष गोड गोड बोलून या बायांना गुंडाळणार. कुणीतरी मागून कुजबुजणार, कुणीतरी फिदीफिदी हसणार. लिंबूआजी अडखळणार. मग रात्री उशिरापर्यंत वाद, आणि सकाळी रोलर. हे सगळं सांभाळायला अंगात जीव हवा. तो कुठून आणायचा?

तेवढ्यात त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. त्यांना ती फार हुशारीची वाटली, हे आधीच सांगून ठेवते. दमलेल्या माणसाला सोपी वाट नेहमी हुशारीची वाटते.

"कुणीही यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आपण गेलो की आपणच त्यांचा कोरम भरतो. त्यांच्याकडे माणसं आहेत कुठे? दुकानदार चार-पाच येतील. आपण घरी बसलो की सभाच नाही. सभा नाही तर ठराव नाही. आयुष्यभर मी कोरम भरत आले, एकदा मोडून बघू."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग कांदेवालीने टाळी दिली. "बाई, डोकं आहे तुमचं!" बहिणीने मात्र टाळी दिली नाही. दाराशी चपला घालताना ती म्हणाली, "नक्की ना ताई? सगळ्या तयार झाल्यायत. पुन्हा नाही व्हायच्या."

"अगं, सभांमध्ये माझी हाडं झिजली. मला कळत नाही का?"

"तसं नाही गं," बहीण म्हणाली आणि गेली.

सभेच्या दिवशी ताई सरळ घरी आल्या. त्या वेळेला आपल्या स्वयंपाकघरात ऊन कुठवर येतं, हेही त्यांना माहीत नव्हतं. ते पार डब्यांच्या फळीपर्यंत येत होतं. नवऱ्याने चहा केला. "आज सूर्य कुठून उगवला?" म्हणत त्याने कप हातात दिला, आणि त्यांचे पाय बघून पुढची थट्टा गिळली. गरम पाण्याची बादली आणून त्यात त्यांचे पाय सोडले. ताईंनी डोळे मिटले. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जरा वेळाने शाळेचा शिपाई खालून हाका मारू लागला. "कोरमताई! अहो, पाच टाळकी जमलीत. अध्यक्ष विचारतायत तुम्हाला."

"अंगात ताप आहे म्हणावं," ताई खिडकीतून म्हणाल्या.

"आणि बाजारातल्या बाया येणार होत्या म्हणे?"

"त्यांनाही ताप आहे."

शिपाई हसत गेला. ताईही हसल्या, नवराही हसला. मग त्यांनी पाय पुसले आणि पडल्या. डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा खालून शिपायाचा आवाज. तो हॉलला कुलूप लावून घरी निघाला होता.

"ताई, झालं बरं का सगळं. सर्वानुमते."

ताई उठून बसल्या. "काय झालं? कोरम नव्हता ना?"

"नव्हता की. म्हणून तहकूब केली. मग अर्धा तास थांबले आणि तिथेच परत भरवली. तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही हो. प्रत्येक नोटिशीच्या तळाला छापलेलं असतं. अध्यक्षांनी आज मोठ्यांदा वाचून दाखवलं."

छापलेलं होतं, अगदी खरं. ताईंनी त्या ओळीवरून शेकडो वेळा नजर फिरवली असेल. पण त्यांच्या विषयाच्या वेळी सभा तहकूब झाली की अध्यक्ष जेवायला पळत. त्यांच्या संडासासाठी अर्धा तास कधी कुणी थांबलंच नव्हतं, मग तो नियम आहे हे त्यांना कळणार कसं? या वेळी लोक थांबले. पाच माणसं, पाच हात वर, विरोधात एकही नाही. ज्या विरोध करणार होत्या त्यांना ताईंनी स्वतः घरी बसवलं होतं.

नवरा म्हणाला, "अगं, तुझी काय चूक?" त्या म्हणाल्या, "गप्प बसा हो." नवऱ्याने दिवा लावला तेव्हा ओरडल्या, लावू नका म्हणून.

सकाळी कामाला जायच्या आधी त्या बाजारात गेल्या. फोन करून सांगता आलं असतं, पण ते त्यांच्याने होईना. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. त्यांना वाटलं, या बाया शिव्या घालतील. घाला म्हणावं, निदान तेवढं तरी होऊ दे.

कुणी शिव्या घातल्या नाहीत. कांदेवालीने बसायला पाट सरकवला. लिंबूआजी म्हणाली, "एवढी वर्षं एकटी झिजलीस पोरी. एक दिवस घरी बसलीस तर काय बिघडलं? अगं, आमचं नशीबच असलं." आणि तिने ताईंच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात ताईंना सोसवेना.

"आजी, पुढच्या सभेला आपण सगळ्या जाऊ," त्या घाईघाईने म्हणाल्या. "वर नगरपालिकेत जाऊ. मी अर्ज लिहिते—"

"तू जा हो," आजी मायेने म्हणाली. "आम्हाला नाही कळत त्यातलं. काल दिसलंच की ते." आणि ती लिंबांवर पाणी शिंपडू लागली. कांदेवालीही खाली मान घालून कांद्याची सालं झाडत बसली.

ताई बहिणीच्या टोपल्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. बहीण अंडी दिव्यासमोर धरून बघत होती आणि तडकलेली बाजूला ठेवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ताई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"काल आम्ही सगळ्या आलो असतो तर?"

आता सांगता आलं असतं काहीही. ते फार पोचलेले आहेत, त्यांनी काहीही करून ठराव करूनच घेतला असता, तुम्ही येऊन काय फरक पडणार होता. बहिणीचा विश्वास बसला असता. तिला बरंही वाटलं असतं. ताईंच्या ओठांपर्यंत आलंही होतं सगळं.

"जिंकलो असतो," ताई म्हणाल्या. "ते पाच होते. आपण जिंकलो असतो."

बहिणीने मान हलवली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिने एकेक अंडं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, "अजून काय देऊ?"