घरच्या रक्ताची कुत्री

कुत्रेवाल्याच्या कपड्यांना केस चिकटतात, तसे किस्सेही चिकटतात. झटकून जात नाहीत. वडीगोद्रीच्या रस्त्यावर रशीदभाईचं पंक्चरचं दुकान आहे. तिथं आम्ही कारवान कुत्री पाळणारे बसतो. पातळ कमरेची, लांब तोंडाची, तुफान पळणारी ही जात. माझ्या घरच्या रक्तात तीस वर्षं बाहेरचा थेंब मिसळलेला नाही. मी चौथी शिकलो. पण कुत्र्यातलं मला कोणी शिकवू नये.

*

आमच्यातले भगवानराव सर्वांत कडक. मध्यंतरी गावोगाव जुन्या नोंदी शोधणं चाललं होतं, तेव्हा तलाठ्यानं त्यांना पणजोबांचं नाव विचारलं. भगवानराव आढ्याकडे बघत बसले. आठवलं नाही.

दाराशी त्यांचा सुलतान बसला होता. तलाठी सहज म्हणाला, "कुत्रा चांगलाय."

भगवानरावांनी सुलतानच्या सात पिढ्या एका दमात सांगितल्या.

*

त्यांच्या मुलीला अंबडचं स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीवाला, घर चांगलं. पण दोन्हीकडचं देवक एकच निघालं. म्हणजे कधीकाळी भाऊबंद असणार. भगवानरावांनी स्थळ मोडलं.

त्याच आठवड्यात त्यांनी सुलतानला त्याच्याच सख्ख्या बहिणीवर सोडलं.

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पोरीच्या टायमाला बारा पिढ्या मागं गेलते. कुत्रीच्या टायमाला एक बी पिढी दिसंना व्हय?"

भगवानराव म्हणाले, "कुत्र्याचं घरानं मोठंय."

*

त्या घराण्यात तीन पिल्लं झाली. एकाचा खालचा जबडा आखूड. भगवानराव म्हणाले, खानदानी ठेवण आहे. दुसरं मागच्या पायानं लंगडायचं. म्हणाले, चाल राजेशाही आहे.

तिसरं बहिरं निघालं. दुकानात मागं टायर फुटला तरी कान हलेना. आम्ही सगळे भगवानरावांकडे बघू लागलो.

"गंभीर स्वभावाचंय," ते म्हणाले. "हाक मारली की पळत येनं हे गड्याचं काम."

*

हसलो मीही. मग माझी पाळी आली.

माझी हिरा पहिल्यांदा व्याली तेव्हा सात पिल्लं. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा दोन, आणि तीही आठ दिवसांत गेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कागद घेतला आणि हिराचे आईबाप, आजा-आजी, पणजा-पणजी विचारू लागल्या. मी ताठ बसून सांगितलं. त्या लिहीत गेल्या आणि थांबल्या.

"बाबा, चौदा नावं यायला पाहिजेत. सहाच आली."

"बरं झालं," मी म्हणालो. "तुमचा लिहायचा ताप वाचला."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हिराचं वय झालं. आता एकदाच व्याली तर व्याली. या वेळी नर बाहेरच्या रक्ताचा आणा. पुन्हा घरचाच लावला तर तुमची ओळ इथंच संपली.

त्या रात्री जेवलो नाही.

*

नर शोधायला आष्टीला गेलो. तिथल्या एकाकडं फार देखणा कुत्रा होता. उंच, भरल्या छातीचा. मी त्याचं मूळ विचारलं.

मालकानं माझे पाय धरले. "अण्णा, आसं काय करता? ह्याचा आजा तुमीच दिल्ता की माझ्या बापाला."

पुढं परतूरला गेलो. तिथला कुत्राही माझ्याच घरचा. मग दोन गावं आणखी पाहिली. जिकडं जावं तिकडं माझंच रक्त.

माझी छाती फुगली. वडीगोद्री येईपर्यंत उतरली.

*

आता एकच राहिला. रशीदभाईचा मोत्या. रस्त्यानं चाललेल्या मेंढपाळाकडून त्यानं पिल्लू घेतलं होतं. अंगानं नंबर एक, पण आजा-पणजा कोणाला ठाऊक नाही. हिरा माजावर आली की हा माझ्या कुंपणाशी यायचा. चार वर्षं मी त्याला दगडं मारली. दुकानात सगळ्यांसमोर त्याला बेवारशी म्हणालो. रशीदभाईनं कधी उलट शब्द काढला नाही.

मी जन्मात कोणाकडं काही मागितलेलं नाही. शुक्रवारी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि त्याच्या घरी गेलो.

त्यानं खुर्ची दिली. आत चहा सांगितला. मोत्या येऊन त्याच्या पायाशी बसला आणि माझ्याकडं बघू लागला. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. मग म्हणालो, "हिरासाठी मोत्या पाहिजे."

रशीदभाईनं दाढी कुरवाळली. चेहऱ्यावर हसू नाही.

"अण्णा, तुमी खुद घरी आले, हमारी इज्जत वाढली. पन जल्दी हां म्हनता येनार न्हाई. पोराकडचे हावोत आमी. पोरीचं घरानं बराबर पाहावं लागतं."

"माझं घराणं?"

"लोकं सांगू राह्यले, तुमच्याकडं भावाबहिनीतच उरकून टाकतात म्हनून."

आतून चहा आला. मी दोन घोटांत संपवला, कप खाली ठेवला.

"बघा," म्हणालो. "आम्ही थांबतो."