आईनं व्हेंट बुजवला, आणि मी?

इथे परदेशात, ड्रोहेडा गावात राहणाऱ्या मराठी मैत्रिणींनो, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून लिहितेय.

दुपारी ऑफिसमधून लवकर घरी आले. नागपूरहून आलेली माझी आई, वय अठ्ठ्याहत्तर, हॉलमध्ये कोळशाच्या शेगडीपाशी खुर्चीत पेंगत होती. हाक मारली तर म्हणाली, "डोकं जड झालं गं. मळमळून राहिलं."

भिंतीकडे नजर गेली. हवा खेळती राहावी म्हणून असलेल्या व्हेंटमध्ये तिनं जुनी साडी कोंबली होती!

तिला तशीच धरून बाहेर आणलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. रक्तात कार्बन मोनोऑक्साइड, कोळशाचा तो वास नसलेला विषारी वायू, निघाला. ऑक्सिजन लावलाय, डॉक्टर म्हणतात वेळेत आणलंत.

"थंड वारा येऊन राहिला होता ना, म्हणून बुजवलं," आई मास्कमधून म्हणाली.

मी चिडून बोलणारच होते. मग आठवलं. फोडणी दिली की धुराचा अलार्म कोकलतो, म्हणून गेल्याच महिन्यात मी तो काढला. त्याच्या शेजारी कार्बन मोनोऑक्साइडचा अलार्म होता, वैतागून तोही काढला. दोन्ही बॅटऱ्यांशिवाय किचनच्या कपाटात पडलेत.

आईचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

तुमचे अलार्म आत्ता कुठे आहेत? कमेंट नंतर करा, आधी उठून बघून या.