गोलकीपरच्या घरचा माणूस

परवा मुलीच्या शाळेच्या जिममध्ये रबरी फरशीचा आणि मलमाचा वास आला, आणि न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ गावातला माझा पहिला हिवाळा आठवला. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून दर शनिवारी मी तिथल्या व्यावसायिक इनडोअर फुटबॉल संघाची मॅच बघायला जायचो. हॉल उबदार असायचा, माणसांचे आवाज कानावर पडायचे. पुढे प्रायोजक गेला आणि संघ बंद होणार असं ठरलं. शेवटच्या मॅचआधी सामोआहून आलेला धिप्पाड गोलकीपर माझ्यापाशी आला. "किआ ओरा," त्याने तिथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. "तू नेहमी येतोस. आमच्यातला तुझा कोण?" "कुणीच नाही," मी म्हणालो. तो जरा घुटमळला. "मॅचनंतर निरोपासाठी सगळ्या खेळाडूंच्या घरचे मैदानात येणार आहेत. माझं इथे कुणी नाही. तू येशील?" संघ हरला. नावं पुकारली तशी बायका-मुलं धावत आत गेली, आणि त्याच्या नावाला मी जाऊन उभा राहिलो. "हा कोण?" निवेदकाने माइकवर विचारलं. घामाने ओला हात माझ्या खांद्यावर ठेवत तो म्हणाला, "माझा भाऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर तो गाव सोडून गेला. आज माझं घर भरलेलं आहे आणि त्याचा चेहराही मला नीट आठवत नाही; पण त्या मॅचनंतरच्या शनिवारी, हॉल बंद असणार हे माहीत असूनही, मी तिथवर चालत गेलो होतो.