राउटरची खंडेनवमी

मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही. तो कॅनडात राहतो, मी म्हैसूरला बोगादीत, आणि आई माझ्याकडे असते. वडील गेल्यावर मिरजेहून तिला मीच घेऊन आले. तिची औषधं मी आणते, हरवलेला चष्मा मी शोधते, आणि रोज दिवेलागणीला ती माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच नेटवरून त्याच्याशी बोलते. घरात आम्ही दोघीच. पण त्या वेळी मला कुणी हिंग लावून विचारत नाही.

त्या फोनची तयारी बघण्यासारखी असते. आई तोंड धुते, पावडर लावते, दिवसभर नेसलेली विटकी साडी बदलते. पोह्यांच्या डब्याला टॅब टेकवून ठेवते आणि पदर सारखा करून वाट बघत बसते. तिकडे तेव्हा सकाळ असते. भाऊ कॉफीचा मग घेऊन समोर येतो, म्हणतो, "काय म्हणतेस आई?" आणि आई सुटते. मी शेजारच्या खोलीत काम करत असते. भिंतीपलीकडून मला कळतं, की तिचा गुडघा जिना चढताना कटकट वाजतो, की वडील परवा स्वप्नात आले आणि काही न बोलता चप्पल घालून निघून गेले, की लहानपणी ती विहिरीत पडली होती. इतकी वर्षं तिची मुलगी असून मला त्या विहिरीचा पत्ता नव्हता.

एकदा मी विचारलंच. "मला कधी सांगितलं नाहीस विहिरीचं."

"तुला काय सांगायचं?" आई म्हणाली. "तू आहेसच की इथं."

तो 'आहेसच' मला अजून पचलेला नाही.

यातली गंमत अशी, की या बोलण्याची सगळी व्यवस्था माझी आहे. मी एका कंपनीचं नेटवर्क सांभाळते, घरूनच. वेगवेगळ्या शहरांतली यंत्रं एकमेकांशी नीट बोलतायत ना हे बघायचं आणि बोलेनाशी झाली की बोलती करायची, हा माझा धंदा. घरातलं राउटरचं खोकं आईच्या खुर्चीजवळ मी हलवलं, कारण कोपऱ्यात तिला रेंज कमी मिळायची. त्यात असं सांगून ठेवलं, की आईचा टॅब चालू असेल तेव्हा त्याला आधी वाट द्यायची, माझं ऑफिसचं काम मागून. एवढं करून शेजारीपाजारी कौतुक कुणाचं? "माझं पोर रोज न चुकता फोन करतं हो." मी शेजारी भाजीची पिशवी घेऊन उभी असते.

एका दुपारी आईनं अचानक विचारलं, "माझं बोलणं एवढ्या लांब जातं कसं गं?"

मला काय आनंद झाला सांगू. निदान ही एक गोष्ट तिनं त्याला न विचारता मला विचारली होती. मी लॅपटॉप मिटला, दोघींना चहा टाकला आणि सांगायला बसले. म्हटलं, तुझं बोलणं आणि चेहरा अखंड जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला आणि कुठं जायचं ते लिहिलेलं असतं, आणि मागचा कुठला, पुढचा कुठला, तेही. वाटेत नाक्यानाक्यावर आपल्यासारखीच पण मोठाली खोकी बसलेली असतात. ती आत काय आहे ते बघत नाहीत, फक्त पत्ता वाचतात आणि तुकडा पुढच्या नाक्याकडे ढकलतात. शेवटपर्यंतची वाट त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. तरी तुकडे पोचतात, आणि तिकडे पुन्हा ओळीनं जुळतात.

"म्हणजे एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायचो तसंच की," आई म्हणाली.

तसंच होतं. आणि नेमका तोच डबा माझ्या डोक्यात बसलेला. भाऊ पुण्याला शिकायला होता तेव्हा आई कंडक्टरच्या हाती त्याच्यासाठी डबा पाठवायची. अख्ख्या चकल्या निवडून डब्यात जायच्या आणि तुटक्या घरात राहायच्या. मी मिरजेतच शिकले. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "तुला रोज ताजं गरम मिळतंय ना?" मिळत होतं, खोटं कशाला बोलू. पण डबा मला कधी आला नाही.

आई मात्र त्या दिवशी वेगळ्याच विचारात होती. "मग हे सगळं आकाशातून जातं?"

"नाही. बरंचसं समुद्राच्या तळातून. केसाएवढ्या काचेच्या तारा असतात, त्यांतून उजेड धावतो."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बिचाऱ्याला केवढं लांबून यावं लागतं रोज." झालं. चहा माझा, शिकवणी माझी, आणि पुण्य सगळं त्याच्या पदरात.

मी हट्टाला पेटले. लॅपटॉप उघडून तिला पिंग दाखवलं. हे म्हणजे हाक मारणं. आपलं यंत्र दुसऱ्याला विचारतं, आहेस का? ते म्हणतं, आहे. उत्तर यायला किती वेळ लागला ते पडद्यावर दिसतं. मी आधी आमच्याच राउटरला हाक मारली. उत्तर इतक्या झटकन आलं, की मोजायलाही काही उरलं नाही. मग कॅनडातल्या एका सर्व्हरला मारली. तिथून उत्तर यायला पुष्कळ पट वेळ लागला, म्हणजे यंत्राच्या हिशेबानं पुष्कळ. मी विजयी मुद्रेनं आईकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, बघ, जवळचं कसं पटकन ओ देतं.

आई पडद्याकडे बोट करून म्हणाली, "हे एवढ्या लांबून येतंय. कमालच की. हे खोकं काय, इथंच आहे. त्यात कसलं नवल?"

आणखी एक सांगते. व्हिडिओत काही तुकडे वाटेत हरवले, तर ते सहसा पुन्हा मागवत नाहीत. ते येईपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असतं. मग चित्र थिजतं. भाऊ तोंड उघडं टाकून थिजला, की आई हात वर करून शांत बसते. "थांब, अडकलाय. येईल." आणि मी कानात हेडफोन असल्यामुळं तिची हाक ऐकली नाही, तर? "बोळे घातलेत कानात मेले." एवढाही धीर माझ्या वाट्याला नाही.

तर दसरा आला. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, म्हैसूर कसं असतं ते काय सांगायचं. गल्लीतल्या एकूण एक गाडीला झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट, चाकांखाली लिंबं, रस्त्यावर कुंकू भरून फोडलेले कोहळे. आमच्या शेजारच्या काकू आदल्या दिवशी आईकडे बसायला आल्या. त्या मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या इथल्या. त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं, पूर्वी कापडावर ठसे उठवायचे.

"मामंजी होते तोवर ठसे पूजेला ठेवत होते," काकू सांगत होत्या. "आता ठसे कुठं आहेत री? पण रूल तोच. एकदा कुंकू लावलं की नाळेपर्यंत हात लावायचं नाही. दसऱ्याला उचलायचं."

"मिरजेला आम्ही विळी, कात्री, ह्यांची स्कूटर ठेवायचो," आई म्हणाली. "आता इथं माझं हत्यार कसलं?"

"तुमचा दिवस ज्याच्यामुळं जातो ना, तेच आयुध. अष्टे."

नाळे म्हणजे उद्या, आणि अष्टे म्हणजे बस, एवढंच. आईनं ते मनावर घेतलं. त्या संध्याकाळी तिनं भावाला सांगून टाकलं, "उद्या फोन करू नकोस बाळा. खोकं पूजेला बसवणार आहे." तो हसला. मीही भिंतीपलीकडे हसले, पण माझं हसू वेगळं होतं.

सकाळी आईनं राउटरची वायर स्वतःच्या हातानं काढली, ओल्या फडक्यानं खोकं पुसलं, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. दोन्ही अँटेनांना झेंडूचं एकेक फूल अडकवलं. मी माझा लॅपटॉप शेजारी ठेवला. टॅब तिनं ठेवला नाही. तिच्या मते टॅब म्हणजे नुसता आरसा, हत्यार ते खोकं. माझा मोबाइल तिनं मागितला तेव्हा मी म्हटलं, "नको, ऑफिसचा फोन येईल." मोबाइलमध्ये नेट होतं. त्याच्यावरून टॅब सहज चालला असता आणि भाऊ दिसला असता. मी गप्प बसले, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही. एक दिवस आई माझी होती.

आणि तो दिवस काय सांगावा. मी पुरण वाटलं, ती समोर बसून वेलदोडे सोलत होती. मी म्हटलं, त्या विहिरीचं सांग ना. ती म्हणाली, "पुरण सैल होतंय, बघ जरा." दुपारी ती झोपली. उठल्यावर म्हणाली, उद्या दोडका करू या. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले, अगदी टॅब असतो तिथं. तिनं विचारलं, "काही हवंय का तुला?"

दिवेलागण झाली. आईनं तोंड धुतलं, पावडर लावली, साडी बदलली. अंधाऱ्या टॅबसमोर पदर सारखा करून बसली. फोन येणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी बसली. माझा असा जळफळाट झाला, की मी गच्चीवर निघून गेले.

खाली गल्लीत लोक गाड्यांना ओवाळत होते. मी कठड्याशी उभी राहून मोबाइल काढला. टॅबला घरच्या नेटचं नाव आणि पासवर्ड पाठ असतो, बाकी काही कळत नाही. त्याच नावानं दुसऱ्या कुणी हाक मारली तरी तो बिचारा जाऊन चिकटतो. मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला घरच्या राउटरचं नाव दिलं, तोच पासवर्ड दिला, आणि आईला व्हिडिओ कॉल लावला.

पडदा उजळला आणि आईचा चेहरा आला. मोठा, पूर्ण, थेट माझ्याकडे बघणारा. हा चेहरा मी कधी बघितलेला नव्हता. मी नेहमी तो बाजूनं बघत आले, दुसऱ्याच्या वाट्याचा.

"अगं, तू?" तिनं चष्मा वर सरकवला. "खोकं तर पाटावर आहे. कुठून बोलतेस?"

"गच्चीवरून."

"मग चालेल. लांबचं नाही ते." आणि तिनं पदर सारखा केला. माझ्यासाठी. "जेवलीस का?"

आम्ही दुपारी एकाच पंगतीत पुरणपोळी खाल्ली होती. तरी मी म्हटलं, "हो, जेवले."

"वाळलीस गं. कानाजवळ पांढरे दिसायला लागलेत, तेल लावत नाहीस." मग ती सुटली. काकूंच्या सासऱ्यांचे ठसे, गुडघा, झाडावरचा कावळा. मग विहीर. पाण्यात पडल्यावर वर गोल आभाळ दिसत होतं आणि काठावरून तिची आई एकसारखी हाका मारत होती, तिला ऐकू येत होतं पण ओ देता येत नव्हती, हे सगळं तिनं मला सांगितलं. मी कठड्याला टेकून ऐकत होते. सुख झालं होतं आणि त्याच वेळी भावाचा इतका हेवा वाटला, जितका आजवर कधी वाटला नव्हता. त्याला हे रोज मिळत होतं.

मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. फोन तसाच चालू ठेवून मी जिना उतरायला लागले. तिचा आवाज दोन ठिकाणांहून यायला लागला, खालून खरा आणि हातातल्या फोनमधून एक क्षण मागे. मी खोलीच्या दारात पोचले. आई पाठमोरी होती. टॅबमध्ये वाकून, हात हलवत, मला निरोप देत होती.

"बरं, ठेवते आता. जिवाला जप. आणि ये गं कधीतरी. सवड काढून ये."

तिच्या पाठीमागं, दारातच, मी मोबाइल तोंडाजवळ धरला आणि हळूच म्हटलं, "येते."