दुप्पट आंबोशी

मे महिन्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोलापूरच्या दवाखान्यातून तामलवाडीला घरी आणलं. "आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या," असं डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याचा अर्थ न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. पण आईला कुठल्या तोंडानं सांगणार? औषध लागू पडतंय, एवढंच सांगितलं.

अन् आईनं काय करावं, तर बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या उतरवून आणल्या, पोतंभर. दरसाल ती आंबोशी घालते, नाही असं नाही. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, परातीत मीठ-हळद चोळून पत्र्यावर कडक वाळवायच्या. वर्षभर आमटीला पुरतात. पण एवढ्या कधीच नव्हत्या. माणूस खाटेवर पडलंय, घोटभर पाणी घशाखाली जात नाही, आणि ही विळीवर बसून कैऱ्या चिरतेय. माझं डोकंच फिरलं. हिला कशाचा पत्ताच नाही, याचं वाईट वाटत होतं आणि राग मात्र तिच्यावरच निघत होता.

"आई, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? एवढं कोण खानार हाय?"

तिनं मानही वर केली नाही. "औंदा दुप्पट घालते," म्हणाली. "फुडल्या उन्हाळ्यात आपल्याला वाळवण घालता येत न्हाय."

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात पापड, कुरडया, आंबोशी, असलं काही घालत नाहीत. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. मी खोटं बोलत होते आणि ती बिचारी माझ्यासाठी ते ऐकून घेत होती. लई रडू आलं, पण खाट तिथंच सोप्यात होती. तिचं बोलणं अण्णांच्या कानावर गेलं असंल का, या भीतीनं मी तिकडं पाहिलं. डोळे मिटलेले होते. झोपलेत, असं वाटून जिवात जीव आला.

डोळे न उघडताच अण्णा म्हणाले, "मीठ जरा जास्त लाव. वरीसभर टिकाया पायजे."

"व्हय जी," आई म्हणाली, आणि तिनं परातीत आणखी एक मूठ टाकली.