कडकने स्वतःला दिलेलं शून्य

तुमच्याच हातात पेन्सिल देऊन कुणी तुम्हाला कधी म्हटलंय का, घे, स्वतःला गुण दे? दुसऱ्याला द्यायला काय, आपण सगळेच मास्तर. स्वतःला द्यायची वेळ आली की पेन्सिल कशी अडते, ते मी कडकच्या बाकाशेजारी उभी राहून पाहिलंय.

कडक हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीवर आहे. तिच्या हातची चादर पुठ्ठ्यासारखी उभी राहते, म्हणून हे नाव. बाई मात्र सशाच्या काळजाची, दार आपटलं तरी दचकते. लाँड्रीत नवी मशीन आली आणि साहेबांनी फर्मान काढलं: लिहिता-वाचता येतं हे दाखवा, नाहीतर घरी बसा. त्यांना परीक्षा हवी होती. लाँड्रीतल्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग मी घेते. मी म्हटलं, यांना जन्मभर दुसऱ्यांनीच तपासलंय, आता त्या स्वतः तपासतील. भांडून मिळवलं. आपल्या आयुष्यातलं एक पान लिहायचं, दहापैकी गुण आपणच द्यायचे आणि का दिले ते शुक्रवारी साहेबांसमोर सांगायचं. पाचाच्या खाली नापास. बाईने दिलेल्या आकड्याला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा.

हा नियम माझ्याच गळ्याशी येईल असं वाटलं नव्हतं.

कडकने लिहिलं होतं ते लाँड्रीतल्या चादरी दाबणाऱ्या रोलरमध्ये तिच्या नणंदेचा हात गेला त्या दिवसाबद्दल. वाफ, पट्ट्याची किरकिर, आणि मशीन थांबवणारं लाल बटण हाताच्या अंतरावर असताना जमिनीला खिळलेले पाय. ‘माझे पाय माझे नव्हते,’ असं एक वाक्य होतं. बटण दुसऱ्याच बाईने दाबलं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आणि खाली गुण: शून्य.

“अगं, हे काय?”

“बरोबर आहे, ताई.”

“नोकरी जाईल तुझी.”

“जाऊ दे.” तिचे ओठ पांढरे पडले होते.

माझं डोकं सणकलं. “बये, गुण लिखाणाला द्यायचेत. तुला नाही.”

“त्या पानावर दुसरं कोण आहे?”

 मागच्या बाकावर तिची नणंद डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. उजव्या हाताला दोनच बोटं उरलीत. एका घरात राहतात दोघी, पण त्या दिवसाबद्दल आजवर चकार शब्द नाही.

“वहिनी, आण इकडे,” नणंद म्हणाली.

कडकने पान छातीशी धरलं. नणंदेने ते ओढून घेतलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. बोट सावकाश सरकत होतं. कडक भिंतीला पाठ लावून उभी.

“मी किंचाळले असं लिहिलंयस,” नणंद म्हणाली. “खोटं आहे. माझा आवाजच फुटला नाही. तुझे पाय गेले, माझा गळा गेला. एक गुण काप.”

“शून्यातून कसा कापू?”

“मग आधी दे की. कापायचं कसं तेही मीच सांगू?”

 कडक बसली. ‘किंचाळली’ खोडलं, वर ‘तिचा आवाज फुटला नाही’ असं लिहिलं. मग रबराने शून्य इतकं घासलं की कागद पातळ झाला. पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली. काहीतरी लिहिलं आणि लगेच वर तळवा ठेवला.

“किती?” मी विचारलं.

“शुक्रवारी.”

मोर्च्यात लाठ्यांना मी कधी भ्याले नाही. त्या तळव्याखालच्या आकड्याला भ्याले. अजून भितेय.

शुक्रवारी आमचा वर्ग सगळ्यांना खुला आहे. या, मागे बसा. ती आकडा सांगेल तेव्हा टाळ्या वाजवू नका, बिचारी म्हणू नका. फक्त का ते विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत उठू नका.