सरांच्या हातची रेघ

साल १९९३. मी एकोणपन्नास वर्षांचा. पनवेलच्या एका क्लासमध्ये दहावीच्या पोरांसमोर सर मला म्हणाले, "कान धर."

मी तिथला शिपाई, गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवरचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढे वीटभट्टी. सरांनी गणिताच्या नोट्स करायला कॉम्प्युटर आणला होता. एका धड्याची एक फाइल, धडेवार फ्लॉप्यांचा डबा. कॉम्प्युटरच्या खोलीत मी जायचं ते लादी पुसायला, चपला बाहेर काढून. पण त्या यंत्रात नुसती अक्षरं आणि आकडे उमटत. वर्गमुळाचं चिन्ह उमटत नसे. तिथे सर जागा मोकळी सोडत. छापलेल्या एका प्रतीवर ते पेनाने चिन्हं काढत. ती बघून बाकीच्या छत्तीस प्रतींवर मी काढायची. झेरॉक्सपेक्षा मी स्वस्त.

या चिन्हाचा अर्थ काय, एकदा विचारलं होतं. म्हणाले, "हमालाला पोत्यात काय आहे ते कशाला हवं?"

त्या दिवशी एक मुलगी उठली. "सर, उत्तर तेरा छापलंय. माझं पाच येतंय."

गणितात सोळा अधिक नऊ होतं. चिन्हाची आडवी रेघ फक्त सोळावर हवी, ती नवावरूनही गेली होती. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की कागद माझ्या तोंडावर आला.

"वाडीवरच्या माणसाच्या हातात पेन दिलं की हे असं होतं! याची रेघ कधी जागेवर थांबायची?"

पोरं हसली. ती मुलगीही हसली.

मी कपाटातून सरांची प्रत काढून आणली. त्यांच्या हातची रेघ, निळ्या शाईची. नवाच्याही पुढे गेलेली.

"सर, तुमचीच हाय. मी जशीच्या तशी काढली."

त्यांनी बघितलं. नीट बघितलं. मग कागद चुरगळून खिशात कोंबला आणि म्हणाले, "कान धर. पोरांची माफी माग."

मला राग नाही आला. किळस आली. एवढं शिकून माणसाला स्वतःच्या हातची एक रेघ आपली म्हणवेना. थू!

"नाय धरनार."

"मग उद्यापासून यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी क्लासच्या जिन्याखाली उभा राहिलो. येईल त्या पोराला अडवलं. "चूक सरांची हाय. कागद त्यांच्या खिशात हाय." कोणी खिदळलं, कोणी मान खाली घातली. छत्तीस पोरं होती. छत्तिसाव्याला सांगितलं, मगच तिथून हललो.